मधोमध म्हणजे नक्की कुठे? थ्रीडी मॉडेलमधला मध्य आणि सारखे कप्पे



आठवी-नववीच्या मुलांना संगणकावर थ्रीडी मॉडेल काढायला शिकवताना सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न कोणता असेल, तर "मॅडम, हे मधोमध कसं आणायचं?" आणि त्याच्या पाठोपाठ येतो तो, "मॅडम, ह्याचे सारखे भाग कसे पाडायचे?" इंटरनेटवरच्या व्हिडिओंत दोन्हींची उत्तरं एकेका बटणात मिळतात. मुलं बटण दाबतात, पडद्यावर चित्र झकास दिसतं, आणि तीन-चार तास चाललेली प्रिंट हातात आली की झाकण बसत नाही. शाळेत प्रिंटर एक, मुलं चाळीस. एक प्रिंट वाया गेली की त्या गटाचा नंबर पुन्हा लागायला आठवडे जातात. म्हणून आज ह्या दोन प्रश्नांवरच लिहिते आहे. बटणं सांगणार आहेच, पण त्यामागची भूमिती आधी.

आमच्या पिंपळे सौदागरमध्ये हा विषय शिकवायला एक वेगळीच सोय आहे. बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी चाकण, भोसरी नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला असतं. गाड्यांचे सुटे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून क्रेटमध्ये आडवे-उभे पार्टिशन घातलेले असतात, ते ह्या घरांतल्या मोठ्यांनी रोज पाहिलेले असतात. टूलरूममधला फिटर भोक पाडण्याआधी मार्किंग करतो, सेंटर पंच मारतो, मगच ड्रिल लावतो. म्हणजे "मध्य काढणे" आणि "सारखे कप्पे पाडणे" ही ह्या पट्ट्यातली रोजची कामं आहेत. फक्त मुलांना ते माहीत नसतं, आणि आईबाबांना वाटतं की मुलगा लॅपटॉपवर काहीतरी गेमसारखं करतोय.

आता उदाहरण घेऊ. आठवीतल्या एका मुलीने स्वतःहून विषय निवडला: आजीसाठी गोळ्यांचा डबा. आठवड्याचे सात वार, आणि प्रत्येक वाराला सकाळ, दुपार, रात्र असे तीन कप्पे. एकूण एकवीस. आजीची दुपारची गोळी दोनदा घेतली गेली होती, म्हणून घरात हा डबा हवाच होता. प्रत्येक कप्प्याला सुटं झाकण, सगळी झाकणं एकाच मापाची, म्हणजे एखादं हरवलं तर नुसतं एक पुन्हा छापता येईल. कल्पना उत्तम. पण झाकण एकाच मापाचं असेल तर एकवीसही कप्पे तंतोतंत सारखे हवेत, आणि इथेच खरी मेख आहे.

(जाता जाता: छापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या सुट्या ठेवू नयेत. स्ट्रिपचा एक-एक तुकडा कात्रीने कापून ठेवावा. दमट हवेतही गोळी नीट राहते आणि तिचं वेष्टन शाबूत असतं.)

सातने भागलं, तरी चुकलं?

डब्याची आतली लांबी धरू १८० मिमी. कप्पे सात. वर्गात विचारा, भिंती कुठे कुठे घालायच्या? बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येतं, १८० भागिले ७, म्हणजे २५.७१, मग दर २५.७१ मिमीवर एक भिंत. कागदावर, म्हणजे रेषेला जाडी नसते तिथे, हे अगदी बरोबर आहे. पण थ्रीडीमध्ये भिंतीला जाडी असते. आपण ती २ मिमी धरू.

भिंतीची डावी कड २५.७१ वर ठेवली तर पहिला कप्पा २५.७१ मिमीचा होतो. पुढचा कप्पा मात्र भिंत संपल्यावर सुरू होतो, त्यामुळे तो २३.७१ चा. त्यापुढचे सगळे २३.७१ चे. सोमवार प्रशस्त, मंगळवारपासून रविवारपर्यंत सगळे अंग चोरून! फरक किती? बरोबर २ मिमी, म्हणजे भिंतीची जाडी. हा योगायोग नाही, हे मुलांकडून काढून घ्या.

मग कुणीतरी हुशार मूल म्हणतं, भिंतीची कड नको, भिंतीचा मध्य २५.७१ वर ठेवू. चांगला विचार आहे, पण तोही पुरत नाही. आता मधले पाचही कप्पे २३.७१ चे होतात आणि दोन टोकांचे २४.७१ चे, कारण टोकाच्या कप्प्याच्या एकाच बाजूने भिंतीचा अर्धा भाग खाल्ला जातो आणि मधल्यांच्या दोन्ही बाजूंनी. डबा आता दोन्हीकडून सारखा दिसतो, म्हणून डोळ्यांना चूक कळतही नाही. झाकण बसवताना कळते.

बरोबर हिशोब असा. सात कप्प्यांच्या मध्ये भिंती सहा. त्यांची एकूण जाडी १२ मिमी. १८० मधून १२ वजा केले, उरले १६८. त्याला ७ ने भागलं, २४. प्रत्येक कप्पा २४ मिमी. पहिली भिंत २४ वर सुरू होऊन २६ वर संपते, दुसरी ५० ते ५२, अशा शेवटची १५४ ते १५६, आणि तिच्यापुढे १८० पर्यंत पुन्हा २४.

हाच हिशोब करण्याची एक युक्ती आहे, तिला वर्गात आम्ही "एक भिंत उसनी घ्या" म्हणतो. कप्पे सात आणि भिंती सहा, म्हणून जोड्या लागत नाहीत. एक भिंत उसनी घेतली की प्रत्येक कप्प्याला स्वतःची एक भिंत मिळते. लांबी होते १८० अधिक २ बरोबर १८२. भागिले ७, बरोबर २६. कप्पा आणि त्याची भिंत मिळून २६, म्हणजे एका भिंतीपासून पुढची भिंत दर २६ मिमीवर. कारखान्यात ह्यालाच "पिच" म्हणतात. तुमच्या घरी कुणी शॉपफ्लोअरवर असेल तर त्यांना हा शब्द सांगून बघा, लगेच गप्पा सुरू होतील.

रुंदीलाही तेच: तीन कप्पे, दोन भिंती. २४ गुणिले ३ अधिक ४ बरोबर ७६. बाहेरची भिंतही २ मिमी धरली तर अख्खा डबा १८४ गुणिले ८०.

तीन सॉफ्टवेअर, तीन स्वभाव

शाळांमध्ये साधारण तीन नावं ऐकू येतात. टिंकरकॅड २०११ साली सुरू झालं, २०१३ पासून ऑटोडेस्क कंपनीकडे आहे, ब्राउझरमध्येच चालतं. स्केचअप २००० साली आलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं, २०१२ मध्ये ते ट्रिंबलकडे गेलं. त्याचीही ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती आहे. तिसरं फ्रीकॅड, मुक्त स्रोत, पूर्ण मोफत, थोडं रुक्ष, पण इंजिनिअरिंगच्या वाटेवरच्या मुलाला सर्वांत उपयोगी. पालकांना एवढंच सांगेन की ह्यातल्या कशासाठीही क्लास लावायची घाई करू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर एक डिजिटल व्हर्नियर घ्या. ज्या मुलाने घरातल्या दहा वस्तू मोजल्या आहेत, ते मूल सॉफ्टवेअर आठ दिवसांत शिकतं. उलटं होत नाही.

टिंकरकॅडमध्ये मुलं आधी मोठा ठोकळा घेतात, तो पोकळ करतात आणि मग आत एक-एक भिंत सरकवत बसतात. एवीतेवी मोजायचंच आहे, तर उलटं करा. भिंती उभ्या करू नका, कप्पे कोरा. १८४ × ८० × २२ चा भरीव ठोकळा घ्या. बाजूला २४ × २४ चा एक "होल" घ्या, उंची २१ ठेवा (२० ची गरज आहे, पण एक मिमी वर डोकावू द्या, नाहीतर कधीकधी वरती पापुद्र्यासारखा पातळ थर राहतो). कंट्रोल आणि डी दाबून त्याची प्रत काढा आणि दुसरीकडे कुठेही क्लिक न करता ती बाणाच्या कळीने २६ मिमी सरकवा. बाण एकदा दाबला की १ मिमी, शिफ्ट धरून दाबला की १० मिमी, म्हणजे दोनदा शिफ्टसह आणि सहा वेळा नुसता. आता कंट्रोल-डी आणखी पाच वेळा. टिंकरकॅड तुमची आधीची हालचाल लक्षात ठेवून तीच पुन्हा करतं, सात होल ओळीत उभे. सातही निवडा, पुन्हा प्रत, आडव्या दिशेला २६, आणि कंट्रोल-डी एकदा. एकवीस झाले.

ह्या एकवीस होलचा एक गट करा. गटाचं माप बघा, १८० × ७६ दिसायला हवं. नसेल तर इथेच थांबून चूक शोधा, पुढे जाऊ नका. मग ठोकळा आणि गट दोन्ही निवडून एल दाबा. अलाइनचे काळे ठिपके दिसतील. ज्याला हलवायचं नाही त्या ठोकळ्यावर आधी एकदा क्लिक करा, मग लांबीचा मधला ठिपका, रुंदीचा मधला ठिपका. उंचीच्या ठिपक्याला हात लावायचा नाही. शेवटी होलचा गट जमिनीपासून २ मिमी वर उचला आणि सगळं एकत्र गट करा. बाहेरची भिंत चारही बाजूंनी आपोआप २ मिमी होते. कुणी मोजली नाही, तरी झाली. ती का झाली, हे मुलांना विचारायला विसरू नका. हा ह्या अख्ख्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

स्केचअपमध्ये "एक भिंत उसनी"ची युक्ती जशीच्या तशी चालते. माप मिलिमीटरमध्ये आहे ना, ते आधी बघा. फक्त डावी बाहेरची भिंत काढा आणि तिचा गट करा. मूव्ह घ्या, कंट्रोल एकदा दाबा म्हणजे सरकवण्याऐवजी प्रत निघेल. लांबीच्या दिशेला थोडं ओढा, १८२ टाइप करून एंटर. आता दुसरं काहीही न करता ७ आणि त्यापुढे भागाकाराची तिरकी रेघ टाइप करून पुन्हा एंटर. सहा आतल्या भिंती आणि उजवी बाहेरची भिंत, सगळ्या एका फटक्यात जागेवर. (आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे, हे दर वर्षी सांगावं लागतं.)

स्केचअपमध्ये रेषेवर राइट क्लिक केलं की "डिव्हाइड" असाही पर्याय येतो. तो रेषेचे सारखे तुकडे करून देतो, पण त्याला भिंतीची जाडी माहीत नसते. म्हणजे २५.७१ ची चूक तो मोठ्या इमानदारीने करून देतो.

फ्रीकॅडमध्ये ह्याच कामाला लिनियर पॅटर्न आहे. लांबी १८२ द्या, आणि संख्या किती द्यायची? सात दिली तर घोटाळा. इथे आठ द्यावी लागते! स्केचअप तुम्हाला विचारतं, अंतराचे भाग किती करू. फ्रीकॅड विचारतं, मूळ धरून एकूण वस्तू किती हव्यात. डबा तोच, एकीकडे ७, दुसरीकडे ८. रस्त्याच्या कडेला दर दहा मीटरवर झाडं लावायची, शंभर मीटरला झाडं किती, हे चौथी-पाचवीतलं कोडं आठवा. दहा की अकरा? नववीच्या मुलांनाही ह्या कोड्यावर पुन्हा आणून बसवावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौकोन कोपऱ्यातून, वर्तुळ मधून

एक गंमत मुलांच्या लक्षात आणून द्या. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढताना पहिलं क्लिक मध्यावर असतं आणि चौकोन काढताना कोपऱ्यावर. का? कारण कंपासपेटीत तसंच आहे. कंपासचं टोक मध्यावर रोवल्याशिवाय वर्तुळ निघत नाही, आणि पट्टी-गुण्याने चौकोन काढताना आपण कोपऱ्यापासूनच सुरू करतो. त्यामुळे वर्तुळाचा मध्य आपल्याला आयता मिळतो, चौकोनाचा शोधावा लागतो.

शोधायचा कसा? कर्ण काढा. आयताचे कर्ण एकमेकांना दुभागतात, छेदनबिंदू म्हणजे मध्य. स्केचअपमध्ये तर कडेच्या मध्यावर माउस नेला की निळसर ठिपका उमटून "मिडपॉइंट" अशी अक्षरं येतात. समोरासमोरच्या मध्यबिंदूंपासून रेषा ओढल्या की काम झालं. नव्या आवृत्त्यांत आयताचं साधन घेऊन कंट्रोल दाबलं की आयतही मध्यातून उघडतो. फ्रीकॅडमध्ये "सिमेट्रिक" नावाचं बंधन आहे: दोन कोपरे निवडा, मधला बिंदू निवडा, बंधन लावा. नंतर डब्याचं माप कितीही बदला, मध्य मध्यच राहतो. सगळी बंधनं पुरी झाली की रेखाटन हिरवं होतं, आणि मुलं त्या हिरव्या रंगाच्या अक्षरशः मागे लागतात. मला हे फार आवडतं, कारण इथे मुलाला "अंदाजे" म्हणायची सोयच उरत नाही.

आमच्या पिढीने हे शासकीय रेखाकला परीक्षेसाठी केलं आहे. रेषाखंडाचे सात समान भाग करायचे तर एका टोकातून तिरकी रेषा काढायची, तिच्यावर कर्कटकाने सात सारखी अंतरं घ्यायची, शेवटचा बिंदू दुसऱ्या टोकाला जोडायचा आणि गुण्या सरकवत समांतर रेषा मारायच्या. १८० ला ७ ने भाग जात नसला तरी कर्कटकाला काही फरक पडत नाही. दहावीच्या "समरूपता" प्रकरणातलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय ते हेच. शक्य असेल तर मॉडेलिंगच्या तासाआधी एकदा कागदावर हे करून घ्या.

मिसळणाचा डबा आणि ठिपक्यांची रांगोळी

आता गोल डब्याकडे येऊ. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असलेला स्टीलचा मसाल्याचा डबा उघडून वर्गात आणा. मध्ये एक वाटी, भोवती सहा. पाच का नाहीत, सात का नाहीत? एका नाण्याभोवती त्याच आकाराची नाणी चिकटवून लावत जा, बरोबर सहा बसतात, फट उरत नाही. मधल्या नाण्याचा मध्य आणि शेजारच्या दोन नाण्यांचे मध्य जोडले की समभुज त्रिकोण मिळतो, कोन ६० अंश, आणि ३६० मध्ये ६० सहा वेळा मावतात.

रांगोळी काढणाऱ्या आयांना हे आधीपासून माहीत आहे. "तेरा ते सात" ठिपके म्हणजे मधल्या ओळीत १३, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ७ पर्यंत, ठिपके वरच्या ओळीच्या मधोमध. मोजले तर १२७ भरतात आणि आकार होतो षटकोनी. मसाल्याचा डबा म्हणजे "तीन ते दोन"ची रांगोळी: ३ अधिक २ अधिक २, सात. हे सांगितल्यावर एका मुलाने घरी जाऊन आजीच्या रांगोळीच्या पुस्तकातली सगळी षटकोनी आकृत्यांची बेरीज करून आणली.

मॉडेल काढताना वाटीचा व्यास ६० धरा, वाट्यांमध्ये १ मिमी फट. मग मधल्या वाटीच्या मध्यापासून बाहेरच्या वाटीचा मध्य ६१ वर. ज्या वर्तुळावर हे सहा मध्य बसतात त्याचा व्यास १२२, ह्याला कारखान्यात पीसीडी म्हणतात. गाडीच्या चाकाचे नटही असेच एका पीसीडीवर असतात. डब्याची आतली त्रिज्या ६१ अधिक ३० अधिक १ मिमी फट, ९२. स्केचअपमध्ये बाहेरची एक वाटी काढून रोटेट घ्या, मध्यावर क्लिक करा, कंट्रोल दाबून ६० अंशांची प्रत काढा आणि लगेच ५ आणि इंग्रजी एक्स टाइप करा. इथे पाच, सहा नाही. मूळ वाटी आधीच जागेवर आहे. पुन्हा तेच झाडांचं कोडं!

स्केचअपच्या वर्तुळाची एक खोड सांगायलाच हवी. ते खरं वर्तुळ नसतं, नेहमीच्या मांडणीत ते २४ बाजूंचा बहुभुज असतं. त्रिज्या ३० दिली तर ती कोपऱ्यापर्यंत ३० असते, बाजूच्या मध्यापर्यंत २९.७४ च. म्हणजे आरपार जवळजवळ अर्धा मिमी कमी. ६० च्या भोकात ६० ची वाटी तशीही दाटून बसते, त्यात हे. वर्तुळाचं साधन घेतल्यावर, काढण्याआधी, ९६ टाइप करून एंटर दाबा. मग फरक ०.०२ मिमीपेक्षाही कमी राहतो.

कुठला मध्य?

अलाइनचं बटण एक गोष्ट सांगत नाही. ते वस्तूचा मध्य शोधत नाही, वस्तूभोवतीच्या काल्पनिक खोक्याचा मध्य शोधतं. चौकोन, वर्तुळ, षटकोन ह्यांच्या बाबतीत दोन्ही एकच, म्हणून बरेच दिवस काही बिघडत नाही. मग एखादं मूल त्रिकोणी भिंगरी काढतं.

बाजू ६० मिमीचा समभुज त्रिकोण घ्या. उंची ५१.९६. खोक्याचा मध्य पायापासून २५.९८ वर. पण त्रिकोणाचा तोल जिथे सांभाळला जातो तो बिंदू, म्हणजे मध्यगांचा संपात, पायापासून एक तृतीयांश उंचीवर, १७.३२ वर. दोन्हींत ८.६६ मिमीचा फरक. अलाइन करून भोक पाडलेली भिंगरी फिरायला लागली की थडथडते, लंगडते. मध्यगा एकमेकींना २:१ मध्ये छेदतात हे नववीच्या पुस्तकातलं वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं. ती भिंगरी बोटावर धरली की ते वाक्य पहिल्यांदा कळतं. दोन्ही भोकांच्या दोन भिंगऱ्या पुठ्ठ्याच्या कापून शेजारी शेजारी फिरवा, प्रिंटरची गरज नाही.

दुसरा घोळ आपल्या मराठी अक्षरांचा. दारावरची नावाची पाटी हा मुलांचा आवडता उद्योग. इंकस्केपमध्ये नाव लिहून, अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करून, एसव्हीजी फाइल टिंकरकॅडमध्ये आणता येते, जोडाक्षरंही नीट येतात. पण "मीरा" हे नाव पाटीवर अलाइन केलं की अक्षरं खाली बसल्यासारखी दिसतात, आणि "कुसुम" केलं तर वर चढल्यासारखी. कारण खोक्यात वेलांटीही धरली जाते आणि उकारही. आपला डोळा मात्र शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचाच भाग "अक्षर" मानतो. उपाय सोपा आहे: वेलांटी शिरोरेघेच्या वर ४ मिमी असेल तर अलाइन केल्यानंतर नाव २ मिमी वर उचला. उकार असेल तर त्याच्या निम्म्याने खाली. दोन नावं शेजारी असतील तर मध्य विसरा, शिरोरेघा जुळवा. सुतार, पेंटर, पाटीवाले सगळे हेच करतात.

झाकण, आणि प्रिंटर नसेल तर

गोळ्यांच्या डब्याकडे परत. कप्पा २४ चा, मग झाकण २४ चं? नाही. शाळेतल्या प्रिंटरवर दोन्हीकडे मिळून ०.४ मिमी मोकळीक लागते असं धरून चाला, म्हणजे झाकण २३.६. प्रत्येक प्रिंटरची सवय वेगळी असते, म्हणून आधी एकच कप्पा आणि २३.४, २३.६, २३.८ अशी तीन झाकणं छापून बघा. अर्ध्या तासात निकाल लागतो आणि एकवीस झाकणं वाया जात नाहीत. सात कप्पे विषम आहेत, त्यामुळे डब्याच्या मध्यरेषेवर भिंत येत नाही, गुरुवारचा कप्पा येतो. "आधी मधोमध एक भिंत टाकू" म्हणून सुरुवात करणाऱ्या मुलांना हे आधीच दाखवून द्या. कप्पे सम असतील तरच मध्यावर भिंत. आणि आजीला बारीक अक्षर दिसत नसेल तर झाकणावर वाराच्या नावाबरोबर उठावदार ठिपके द्या: सकाळला एक, दुपारला दोन, रात्रीला तीन. बोटाने कळतं.

अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत (निती आयोगाची ही योजना २०१६ पासून सुरू आहे, सहावी ते बारावीसाठी) प्रिंटर असतो. बाकीच्यांनी अडून बसायचं कारण नाही. किराणा दुकानातून खोक्याचा पुठ्ठा आणा. दहा तुकडे एकावर एक ठेवून मोजा आणि दहाने भागा, म्हणजे एकाची जाडी नीट कळते. समजा ३ मिमी आली. आता उलटा हिशोब करा, कप्पा आधी ठरवा, डबा नंतर: लांबी ७ गुणिले २४ अधिक ६ गुणिले ३, म्हणजे १८६. रुंदी ३ गुणिले २४ अधिक २ गुणिले ३, म्हणजे ७८. पिच २७.

२० मिमी उंचीच्या पट्ट्या कापा: लांब पट्ट्या दोन, आखूड सहा. लांब पट्टीवर खाचा २४, ५१, ७८, १०५, १३२ आणि १५९ मिमीवर सुरू होतील, प्रत्येक ३ मिमी रुंद. आखूड पट्टीवर २४ आणि ५१ वर. लांब पट्टीच्या खाचा वरून अर्ध्या उंचीपर्यंत, आखूड पट्टीच्या खालून अर्ध्या उंचीपर्यंत, मग दोन्ही एकमेकींत उतरतात, चाकणच्या क्रेटमधल्या पार्टिशनसारख्याच. सगळी मापं पट्टीच्या एकाच टोकापासून घ्या. आधीच्या खाचेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक वेळची अर्धा मिमीची चूक साठत जाऊन शेवटच्या खाचेला तीन मिमी होते. खाच १० ऐवजी साडेदहा मिमी खोल ठेवा, म्हणजे पट्ट्या वरून एका पातळीत बसतात आणि झाकण डुगडुगत नाही.